आधी शिवणाऱ्याने बसायचं

माणसाला गप्प करायचं असेल तर त्याचं म्हणणं खोडून काढावं लागत नाही. "तुम्ही कोण?" एवढं विचारलं की भागतं. त्या मंगळवारी मास्तरने मला हे विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पुरती खाली उतरलेली नाही.

मास्तर म्हणजे आमच्या शिवणकामाच्या ऑनलाइन ग्रुपचा कर्ताधर्ता. ग्रुपमध्ये चाळीस हजार माणसं. कुणी शिंपी, कुणी हौशी, कुणी नुसतीच दुसऱ्यांचे झगे बघून सुस्कारे टाकणारी. मी दोन वर्षं त्यात होते. माझ्या नावाखाली लिहिलेलं होतं, 'बॅगा, तंबू, पडदे यांची दुरुस्ती', आणि पुढे दुकानाचा फोन नंबर. त्याआधीची एकोणीस वर्षं मी लष्करात पॅराशूटच्या घड्या घालत होते आणि त्यांचे पट्टे शिवत होते, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. होऊही द्यायचं नव्हतं.

हा दंडक वहिनीचा. माझा दादा अजून नोकरीत आहे आणि दुकान मी आणि वहिनी मिळून चालवतो. दुकानात दादाचा एक फोटो आहे, तोही स्वेटर घातलेला. कुणी विचारलंच तर वहिनी सांगते, "हे बाहेरगावी असतात." तिचं भय उगाच नव्हतं. दादाच्या एका सोबत्याने मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सहज लिहिलं होतं, की मी अमुक तुकडीत आहे, सोळा तारखेनंतर घरी येईन, तोवर टाकीचं पाणी बायकोने कसं बदलावं? आठवड्याभरात त्याच्या बायकोला अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले. त्यांना मुलाच्या शाळेची वेळसुद्धा माहीत होती. तेव्हापासून वहिनीने माझ्याकडून वचन घेतलं होतं. आपल्या घरात कोण काय करतं, हे जगाला सांगायचं नाही. मी म्हटलं, नाही सांगणार. मला तरी कुठे मिरवायची हौस होती?

तर तो सोमवार. ग्रुपवर एका बस ड्रायव्हरने फोटो टाकला. त्याची मुलगी अकरा वर्षांची. तिला चालता येत नाही. पलंगावरून न्हाणीत न्यायला तो तिला रोज उचलायचा, आणि उचलून उचलून त्याच्या पाठीचा बोऱ्या वाजला होता. म्हणून त्याने छताच्या तुळईला चेन-पुली लावून घेतली होती आणि मुलीला बसायला स्वतःच्या हाताने झोळी शिवली होती. खाली जाड कापड आणि वर चार पट्टे. त्याने लिहिलं होतं, "आयुष्यात पहिल्यांदा मशीनवर बसलो. तीन आठवडे लागले. शनिवारी लेकीला पहिल्यांदा बसवणार. काही चुकलं असेल तर सांगा."

मी फोटो मोठा करून पाहिला आणि हातातला चहा खाली ठेवला.

पट्टा बॅगेचा होता, पातळ. पण तो एक वेळ चालला असता. भीती वाटली ती टाक्यांची. त्याने पट्ट्याच्या आडव्या अंगाने, या कडेपासून त्या कडेपर्यंत, अगदी बारीक बारीक टाक्यांच्या सहा टिपा मारल्या होत्या, एकीला खेटून एक. ब्लाउजला असा टाका घातला तर शिंप्याचं कौतुक होतं. वजन पेलणाऱ्या पट्ट्याला घातला तर सुईची भोकं पट्ट्याला कापत जातात. वहीचं पान फाडायला सोपं जावं म्हणून भोकांची रांग पाडतात ना, तसं. पहिल्या दिवशी असा पट्टा धरतो, आणि तोच त्याचा लबाडपणा. चौथ्या-पाचव्या दिवशी, पोरगी ओली, खाली न्हाणीची फरशी, आणि तेव्हा तो सुटतो.

तोवर फोटोखाली कौतुकाचा पूर आला होता. मास्तरने तर कळसच केला होता. "टाके पाहा, टाके! याला म्हणतात हात! माझ्या तीस वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी शिकावं."

मी लिहिलं, "हे फाटेल. आडवे बारीक टाके काढा. जाड पट्टा घ्या, नायलॉनचा जाड दोरा घ्या, लांब टाका ठेवा, चौकोन करून आत फुली मारा. तोवर मुलीला बसवू नका."

मंगळवारी सकाळी उघडून पाहिलं तर माझ्यावर सगळे तुटून पडलेले. एका बापाच्या मायेला नावं ठेवता? जळकुटेपणा कशाला? एकीने विचारलं होतं, "ताई, तुम्ही ब्लाउज शिवता की पोती?" त्यावर दोनशे जण खिदळले होते. आणि सगळ्यांत वर मास्तर. "टाका जितका जवळ, तितकी टीप पक्की, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी तीस वर्षं शिकवतोय. तुम्ही कोण?"

मी मोबाइल काउंटरवर आपटला.

"काचेचे पैसे तुझ्या हिश्श्यातून," वहिनी म्हणाली. ती तंबूच्या कडा मुडपत होती.

मी तिला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. टाका कसा असावा हे वहिनीला मीच शिकवलेलं, त्यामुळे तिलाही पाहताक्षणी कळलं. तिचा चेहरा उतरला.

"मग सांग ना त्यांना नीट."

"सांगितलं. विचारतात मी कोण. एक ओळ लिहिते वहिनी. एकोणीस वर्षं हेच केलंय, एवढीच."

"नाही."

"पोरगी पडेल गं!"

"दुसरं काहीतरी लिही. पुस्तकाचा दाखला दे. दुकानाचं सांग. ते तेवढं सोडून काहीही लिही." तिने मशीन थांबवलं. "पुढच्या महिन्यात हे येतायत. चौदा महिन्यांनी. मला त्यात काही विघ्न नकोय."

मी पुन्हा नीट लिहिलं. चित्र काढून टाकलं. मास्तरने उत्तर दिलं, "अर्धवट ज्ञान फार घातक असतं." त्याखाली हसणारे चेहरे.

आता खरं सांगते. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे पोरगी नव्हती, मास्तर होता. चुलीत गेलं वचन, म्हटलं, एकदा याचं तोंड बंद करते. बुधवारी दुपारी वहिनी बाजारात दोरा आणायला गेली आणि मी लिहून टाकलं. "मी एकोणीस वर्षं लष्करात पॅराशूट शिवले आहेत. माझ्या टाक्यांवर माणसं विमानातून उड्या मारत होती. आता कळलं मी कोण?"

लिहिल्यावर मला गार वाटलं. साधारण दहा मिनिटं.

मग सलाम सुरू झाले. झेंडे, फुलं, जोडलेले हात. जी मला पोत्यांवरून हसली होती तीच लिहीत होती, "ताई, तुमचे पाय कुठे आहेत?" दुसरीकडून आले ते म्हणाले, फेकतेय, ओळखपत्र दाखव. कुठली तुकडी? कुठलं विमान? गणवेशातला फोटो टाका. मग सलामवाले आणि पुराव्यावाले एकमेकांच्या उरावर बसले आणि भांडण युद्धाबिद्धांपर्यंत गेलं. मीही मधे पडले. ज्याने खोटारडी म्हटलं त्याला चार सुनावल्या, ज्याने देवी म्हटलं त्याला आणखी दोन. संध्याकाळपर्यंत सहाशे उत्तरं झाली होती आणि टाक्याबद्दल त्यांत एकही नव्हतं.

मास्तर? मास्तरने माझ्या नावाशेजारचा फोटो घेतला, मी पडद्याच्या सळया धरून उभी आहे तो, आणि त्यावर कुणाचा तरी गणवेश चिकटवला. माझी मान वाकडी आणि खांदे भलत्याच माणसाचे. खाली लिहिलं, "आपल्या ग्रुपचा अभिमान." आणि ते पान सगळ्यांत वर टांगलं. टाक्यांबद्दलचं स्वतःचं मत त्याने बदललं नाही ते नाहीच. मला सन्मान मिळाला आणि माझं म्हणणं केराच्या टोपलीत गेलं.

आणि ड्रायव्हरने लिहिलं, "ताई, सलाम. लेकीला तुमचा फोटो दाखवला, फार खूश झाली. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाने आमच्या झोळीकडे पाहिलं, भरून पावलो. शनिवारी तुमचं नाव घेऊनच बसवतो."

वाचून मी कपाळावर हात मारला. बाबा रे, मी काय सांगितलं ते वाचलंस का? त्याने वाचलं नव्हतं. सहाशे सलामांच्या ढिगाखाली ते कुणाला दिसणार?

गुरुवारी सकाळी दुकानाचा फोन वाजला. वहिनीने घेतला. पलीकडचा माणूस अगदी गोड आवाजात विचारत होता, "पॅराशूटवाल्या ताईंचं दुकान ना? त्यांचे मोठे भाऊ सध्या कुठे असतात?"

वहिनीने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप खाली गेली. माझी मावसबहीणही त्या ग्रुपात आहे. तिने काल माझ्या ओळीखाली अभिमानाने लिहिलं होतं, "आमच्याकडे एक नाही, दोघं! हिचा मोठा भाऊ तर अजून आहे सेवेत!" बिचारीला काय बोलायचं? आग मीच लावली होती.

दुपारपर्यंत असे पाच फोन आले. दोघं साधे चौकस असावेत. उरलेल्या तिघांचं सांगता येत नाही, आणि भीती असते ती त्या न सांगता येण्याचीच. मी ती ओळ पुसली. पण लोकांनी तिचे फोटो काढून कधीच चार गावं फिरवले होते.

संध्याकाळी दादाचा फोन आला. एरवी तो रविवारी करतो. वहिनीने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, फोन माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली.

"मला साहेबांनी बोलावलं होतं," दादा म्हणाला. "लिहून द्यावं लागलं. चौकशी होईपर्यंत सुट्टी नाही."

"दादा, माझं चुकलं."

"चुकलंच," तो म्हणाला. दादा मला चुचकारत नाही, कधीच नाही. मग त्याने विचारलं, "आणि त्या पोरीचं काय झालं?"

मला ठाऊकच नव्हतं. बुधवार दुपारपासून मी सगळ्या जगाशी भांडले होते, पण ड्रायव्हरला पुन्हा एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"तिकडे तू कुणाला बोलून कधी पटवलं होतंस गं?" दादा म्हणाला. "अंगावर चढवून दाखवायचीस की."

हे त्याचं बरोबर होतं. आमच्या विभागात एक रीत होती. प्रत्येक घडीच्या वहीत घडी घालणाऱ्याची सही. आणि कुठल्याही दिवशी, न सांगता, साहेब फळीवरच्या एका पॅराशूटवर बोट ठेवायचे आणि वहीत सही कुणाची ते बघायचे. ज्याची सही त्याने ते पाठीला बांधायचं आणि विमानात चढायचं. वाद नाही, भाषण नाही. माझ्यावर ही पाळी अकरा वेळा आली. तिथे तुम्ही कोण, असं कुणी विचारत नसे. तुमचा हुद्दा, तुमची वर्षं, तुमच्या वडिलांचं नाव, हवेत यातलं काही उघडत नाही. आणि मी ती रीत विसरून हुद्दा फेकून मारायला निघाले होते. मास्तरची तीस वर्षं आणि माझी एकोणीस! त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?

शुक्रवारी सकाळी मी दुकानात तसाच बॅगेचा पट्टा घेतला, तसाच दोरा, आणि ड्रायव्हरने मारल्या होत्या तशाच सहा आडव्या टिपा मारल्या. बारीक, सुबक. मास्तरने मुका घेतला असता. पट्टा पाण्यात भिजवला, छताच्या कडीला टांगला आणि खाली ओल्या ताडपत्रीचं गाठोडं बांधलं, अकरा वर्षांच्या पोरीइतक्या वजनाचं. वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. पण मला मोबाइल धरून गाठोडंही हलवता येईना, हे तिने पाहिलं. ती उठली, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि चित्रण करू लागली.

मी हेलकावे देऊ लागले. दहाव्याला काही नाही. विसाव्याला काही नाही. एकतिसाव्याला टर्रकन आवाज आला आणि गाठोडं फरशीवर धाडकन आदळलं. दोरा तुटलाच नव्हता. पट्टा फाटला होता, सरळ टिपेच्या रेघेत, कात्रीने कापल्यासारखा. वहिनीच्या तोंडून "आई गं" निघालं. तिचा तेवढाच आवाज त्या दिवशी मला ऐकायला मिळाला.

ग्रुपवर काही टाकलं नाही. सरळ ड्रायव्हरला पाठवलं. त्यात लष्कर नव्हतं, वर्षं नव्हती. एवढंच लिहिलं, "हे पाहा. आणि उद्या मुलीला बसवायच्या आधी तुम्ही स्वतः बसा. जमिनीपासून वीतभर उंच, खाली गादी घालून. तीस वेळा हेलकावा घ्या. जो शिवतो त्याने आधी बसायचं."

शनिवारी अकरा वाजले, बारा वाजले. मी एका पडद्याला तीनदा उलटी टीप मारली. साडेबाराला फोन वाजला.

"ताई," तो म्हणाला, आणि पुढे बोलेचना.

"बोला की हो!"

"बसलो. नवव्याला फाटलं. आपटलो." मग त्याला रडू आलं. "तीन आठवडे शिवत होतो हो. सगळे म्हणाले छान आहे. ती बाजूलाच बसली होती, हसायला लागली. म्हणाली, बाबा, परत करा."

चाळीस हजार माणसांत एकानेही त्याला खाली गादी घाल म्हणून सांगितलं नव्हतं. छान छान म्हणून पोरीला मारायला निघाले होते सगळे, आणि फुलं माझ्या फोटोला वाहत होते.

"मास्तरांना सांगितलं मी," तो म्हणाला. "ते म्हणाले, तुमच्या मशीनचा दोष असेल."

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवी झोळी मी शिवायला घेतली. जाड पट्टा, जाड दोरा, लांब टाका, चौकोन आणि आत फुली. दोन पट्टे माझे शिवून झाले आणि दुसऱ्या दिवशी बघते तर उरलेले दोन शिवलेले. वहिनीने केव्हा बसून केले कोण जाणे. मी पाहिलं, टाका एकही इकडचा तिकडे नव्हता. तिला सांगायला गेले तर ती दुसऱ्या खोलीत गेली. आठ दिवस आमच्या घरात असंच चाललं होतं. जेवायला वाढायची, पण ताट असं ठेवायची की आवाज व्हावा.

पुढच्या रविवारी ड्रायव्हरकडे निघाले तेव्हा ती चप्पल घालून दारात उभी.

"दोन पट्टे माझेही आहेत," ती म्हणाली. त्या आठवड्यातलं ते पहिलं वाक्य.

ड्रायव्हरची खोली लहानशी. पलंगावर पोरगी, मोठ्या डोळ्यांची, तोंडाने तिखट. मला पाहताच म्हणाली, "फोटोत तुम्ही जाड्या होता." मी म्हटलं, ते खांदे माझे नव्हतेच. मास्तरने टांगलेला तो फोटो अजून तिथेच आहे, ती म्हणाली. मी चारदा काढायला सांगूनही त्याने काढलेला नाही.

झोळी कडीला अडकवली. ड्रायव्हर पुढे सरसावला. मी त्याला थांबवलं. रीत म्हणजे रीत. मी बसले. साखळी ओढायला ड्रायव्हर येणार तोच वहिनीने ती हातात घेतली आणि खसाखसा ओढली. मी वर गेले. वीतभर, हातभर. पाय अधांतरी झाले तरी ती ओढतच होती. माझं डोकं तुळईला लागायला आलं तेव्हा थांबली.

"बास, वहिनी. उतरव आता."

तिने साखळी बाजूच्या खिळ्याला गुंडाळली आणि कमरेवर हात ठेवून खाली उभी राहिली. एरवी ती मला नुसतं 'अगं' म्हणते.

"वन्सं," ती म्हणाली, "आता ऐका."

मला कळलं की आता सुटका नाही.

"कुणी विचारलं होतं तुम्हाला? कुणाच्या बापाचं अडलं होतं तुम्ही कोण ते कळल्यावाचून? तो पट्टा पहिल्या दिवशी टांगता येत नव्हता? कडी होती, गाठोडं होतं, मी होते. पण नाही! चौदा महिने मी कॅलेंडरवर फुल्या मारतेय. तुम्हाला मास्तरला दाखवायचं होतं! काय दाखवलंत? त्याला टाका कळला? नाही कळला. माझा नवरा तेवढा घरी यायचा राहिला!" तिचा आवाज फुटला. तिने ताडकन माझ्या पायाला धक्का दिला आणि मी हेलकावले. "या पोरीसाठी सांगितलं असतंत तर मी गिळलं असतं. तिच्यासाठी नव्हतं ते. आहे का तोंड बोलायला?"

नव्हतं. शब्दन् शब्द खरा होता. मी छताजवळ लटकत होते आणि ती खाली रडत होती. रडता रडता आणखी एक धक्का द्यायची, आणि आणखी एक. ड्रायव्हर दाराशी थिजून उभा होता. त्याला वाटत असावं, आपण भलत्याच घरात शिरलोय.

पलंगावरून पोरगी मोठ्याने मोजत होती. "सत्तावीस... अठ्ठावीस... अजून जोरात, काकू!... एकोणतीस..."

तीस झाले तेव्हा वहिनीने डोळे पुसले, मान वर करून चारही पट्टे एकेक करून नीट निरखले, माझे दोन आणि तिचे दोन.

"धरलंय," ती ड्रायव्हरला म्हणाली. "बसवा लेकीला."

मला मात्र तिने आणखी थोडा वेळ वरच ठेवलं.